सही तुमची, शिक्का तुमचा: कोकणात पहिल्यांदा ग्रामपंचायतीत जाणाऱ्या बायकांसाठी

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाचे सरपंचपद महिलेसाठी राखीव पडले, त्या दिवशी दुपारपासून आमच्या पडवीत माणसे जमायला लागली. सगळे यांच्याशी बोलत होते, मी आत चहा गाळत होते. दिवेलागणीला गावकीतले एक वडीलधारे उठता उठता स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "तू फक्त सही कर गो, बाकीचा आमी बघतलव." मी तेव्हा एक मुदत सदस्य राहिलेली होते, तरी मला कोणी विचारले नव्हते. पुढची पाच वर्षे माझे भांडण बहुतेक वेळा त्या एका वाक्याशीच झाले.

आता आमच्या भागातल्या नव्या मुली अर्ज भरायच्या आधी येतात आणि विचारतात, काकी, काय काय सांभाळायचे? प्रत्येकीला तेच सांगून सांगून शेवटी हे लिहून काढले.

आधी दोन शब्द. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. वर गेले की खुर्च्या भराभर कमी होतात. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका, त्याच वर्षीच्या आपल्या विधानसभेत २८८ पैकी २१. रायगडातून मीनाक्षी पाटील आणि अदिती तटकरे आमदार झाल्या, मंत्रीही झाल्या, पण दोघींच्या घरात राजकारण आधीपासून होते. तुमच्या-माझ्या घरात नव्हते. त्यामुळे त्यांना जे उंबऱ्याच्या आत मिळाले, ते आपल्याला कागदावर आणि माणसे जोडून मिळवावे लागते.

आणखी एक. बायकांवरची राजकीय हिंसा असा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. बोलिव्हियाने २०१२ मध्ये असा कायदा केला, तोही हुआना किस्पे नावाच्या नगरसेविकेचा खून झाल्यावर. ती बाई त्याआधी तक्रारी करून थकली होती. आपल्याकडे प्रत्येक त्रासाला चालू कायद्यातले योग्य कलम शोधून त्यात बसवावे लागते, म्हणून खाली कलमे आली आहेत. पाठ करायची गरज नाही, वहीत लिहून ठेवा.

पहिली पायरी: घरातली बैठक

अर्ज भरायच्या आधी घरात बसून बोला. नवरा, सासू, मोठी मुले, सगळ्यांसमोर. मासिक सभेच्या दिवशी भाकऱ्या कोण करणार? तालुक्याला पंचायत समितीची बैठक लांबली आणि शेवटची एसटी चुकली तर आणायला कोण येणार? अनोळखी पुरुषांचे फोन येतील, रात्री नऊलाही येतील, तेव्हा कोणी तोंड वाकडे करायचे नाही.

हे बोलणे क्षुल्लक वाटते. पण मी ज्या बायकांशी बोलले त्यांतल्या कितीतरींना पहिला मार घरात बसला, विरोधकांकडून नाही. सभा संपायला उशीर झाला, कोणी दुचाकीवरून सोडले, आणि घरी संशयाची ठिणगी पडली. मग बाई सभांना जायचे टाळते, हळूहळू नवराच जायला लागतो, आणि गाव म्हणते, "तिला कुठे काय कळते." त्या मारालाही कायदा आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा. तालुक्यात संरक्षण अधिकारी असतात. अंगणवाडी सेविकेला विचारा, तिला बहुधा नंबर ठाऊक असतो.

घरचा पाठिंबा असेल तर तो नेमका कोणत्या कामाला, तेही ठरवा. यांनी मला गाडी शिकवली आणि पाच वर्षे कार्यालयाची पायरी चढले नाहीत. या दोन्ही गोष्टींचे उपकार मी मानते.

दुसरी पायरी: कागद

इथे घाई करू नका. निवडून आलेल्या बाईला खाली खेचायचे तर हाणामारी लागत नाही, एक अर्ज पुरतो. आणि तो अर्ज करणारा तुमचे कागद तुमच्यापेक्षा जास्त बारकाईने वाचतो.

वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत आणि मतदारयादीत नाव हवे, हे सगळ्यांना माहीत असते. त्यापुढे ज्या गोष्टी नडतात त्या अशा.

जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो आणि मतदारयादीत सासरचे नाव. कुणबी, भंडारी, गाबीत, चर्मकार, कोणत्याही राखीव जागेवरून उभ्या असाल तर दोन्ही नावांची बाई एकच आहे हे दाखवणारा विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. लग्न पंचवीस वर्षांपूर्वी झाले आणि नोंदच नाही, असे आपल्याकडे घरोघरी आहे. जात पडताळणीचा अर्ज आणि त्याची पोच हवी. पडताळणीचे प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिले नाही तर निवड रद्द होते, मग तुम्ही कितीही मतांनी आलेल्या असा. वडिलांचे आणि आजोबांचे शाळेतले दाखले माहेरून आणावे लागतात. माहेर घाटावर किंवा मुंबईत असेल तर दोन महिने आधी हलायला लागा.

घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावती घ्या. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी घ्या. शौचालय असल्याचा आणि वापरत असल्याचा दाखला घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनाच्या वर गेली असेल तर उभे राहता येत नाही. तिसरे मूल व्हावे की नाही हे कितीशा बायका स्वतः ठरवतात, हा प्रश्न कायद्याने विचारलेला नाही. खोटे मात्र लिहू नका, ते बाहेर येतेच.

सर्वांत चिवट भानगड अतिक्रमणाची. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत, गाबीतवाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहती घरे आहेत आणि त्यांच्या जमिनीचा कागद कुठेच नाही. वरच्या बाजूला सामायिक सातबारे, वीस-वीस नावांचे, त्यातली निम्मी नावे वारलेल्यांची. सरकारी जागेवर कुटुंबातल्या कोणाचे अतिक्रमण असले आणि तुम्ही तिथे राहत असाल तरी अपात्र ठरू शकता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचे प्रकरण तिथे गेले. आरोप हाच होता, सरकारी जागेवरच्या घरात राहतात. न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचले नाही, असे स्पष्ट सांगितले. निकाल चांगला लागला, पण त्यासाठी गावातून दिल्लीपर्यंत जावे लागले. तुम्हाला जावे लागू नये म्हणून तुमच्या घराचा नमुना आठ, म्हणजे करआकारणीचा उतारा, आणि वेगळे राहत असाल तर त्याचा पुरावा आजच फाइलमध्ये लावा.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, तो माणूस कितीही जवळचा असला तरी.

तिसरी पायरी: गावकी

कोकणातली निवडणूक तहसीलदार कचेरीत सुरू होत नाही. ती देवळाच्या सभामंडपात सुरू होते. बारा वाड्यांचे मानकरी बसतात, मुंबई मंडळाचा, म्हणजे गावच्या मुंबईकरांचा, फोन स्पीकरवर असतो, आणि कोणत्या वाडीला कोणते पद हे नारळ ठेवून ठरते. बायका बाहेर. ज्या पदावर बाई बसायची तेही बाईविना ठरते. गाव करी ते राव न करी, ही म्हण अशा वेळी हमखास ऐकवतात.

बिनविरोध निवडणुकीत वाईट काही नाही. गाव खरोखर एक असेल तर खर्च वाचतो, भांडणे वाचतात. पण एकमताने आणि दडपणाने यांत फरक आहे. पैसे देऊन पद घेणे हा तर सरळ लिलाव. जानेवारी २०२१ मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केल्या होत्या.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. बैठकीत तुमच्या वाडीतल्या चार बायका घेऊन जा आणि आत बसा. एकटीला उठवणे सोपे असते, पाच जणींना उठवायला कोणी पुढे येत नाही. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. "अडीच वर्षे तू, अडीच वर्षे ती" असे ठरते तेव्हा हा कागद पुढे येतो आणि नंतर कोणाच्याही खिशातून निघतो. आणि माघार घ्यायला कोणी धमकावले, तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली निवडणुकीतला अवाजवी प्रभाव म्हणून गुन्हा ठरू शकतो.

गावकीचे न ऐकता उभे राहिले म्हणून घरच वाळीत टाकायचे, हा प्रकार आपल्याकडे, विशेषतः रायगडात, इतका झाला की त्यातून कायदाच निघाला. पालखी दारात आणायची नाही, मयताला खांदा नाही, दुकानात मीठ नाही. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा राज्याचा कायदा २०१६ चा, २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे पुरावा कठीण असतो कारण कोणी लेखी वाळीत टाकत नाही. शिमग्याला पालखी शेजारच्या घरी थांबून तुमच्या अंगणावरून पुढे गेली, तर तारीख, वेळ आणि तिथे कोण होते ते त्याच रात्री लिहून ठेवा.

चौथी पायरी: प्रचार

थोडक्यात सांगते. वाड्या लांब, मधे राई, रस्त्याला दिवे नाहीत. अंधार पडल्यावर एकटीने फिरू नका, आणि एकट्या पुरुष कार्यकर्त्याबरोबरही नको. त्याच्याबद्दल शंका आहे म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी पसरणाऱ्या गोष्टीला खाद्य नको म्हणून. बचत गटातल्या बायका घ्या, त्यांना सगळी घरे माहीत असतात.

चारित्र्यावर बोलणे होणार, हे धरूनच चाला. उमेदवाराच्या खासगी वागण्याबद्दल निकालावर परिणाम व्हावा म्हणून खोटे पसरवणे हा न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि खर्चाचा हिशेब. निकालानंतर ३० दिवसांच्या आत द्यायचा. जिंकलेल्यांनी, हरलेल्यांनी, बिनविरोध आलेल्यांनीही. "ते आमचे कार्यकर्ते बघतील" म्हणून सोडलेल्या किती बायकांना पाच वर्षांपर्यंतच्या अपात्रतेची नोटीस आली, ते तहसीलदार कचेरीत विचारा.

पाचवी पायरी: पहिला महिना

या महिन्यात जी सवय लागेल तीच पाच वर्षे राहील.

पहिल्या दिवशी मी कार्यालयात गेले तर सरपंचाच्या खुर्चीवर माजी सरपंच पेपर वाचत बसले होते. "या, बसा," म्हणत त्यांनी बाजूचे प्लास्टिकचे स्टूल दाखवले. मी बसले नाही. उभीच राहिले. दहा मिनिटे झाली, शिपाई कावराबावरा झाला, शेवटी ते उठले. मी एक शब्द बोलले नव्हते.

खुर्चीनंतर शिक्का. तो तुमच्या पिशवीत हवा, कपाटाची चावी हवी. त्यानंतर डिजिटल सही, जिला सगळे डोंगल म्हणतात. वित्त आयोगाचे पैसे आता ऑनलाइन जातात, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, या दोघांच्या डिजिटल सहीने. ते डोंगल संगणक चालवणाऱ्या मुलाच्या खणात पडलेले असते आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. म्हणजे तुमची सही गावभर फिरते आणि तुम्ही घरी भाजी चिरता. नोंदणीला स्वतःचा मोबाइल नंबर द्या. डोंगल स्वतःकडे ठेवा. ज्या बिलाचे काम डोळ्यांनी बघितले नाही त्याला ओटीपी देऊ नका.

कोरे चेक आणि कोरे प्रोसिडिंग, म्हणजे सभेचे इतिवृत्त, यांवर सही करायची नाही. "घाई आहे, तालुक्याला जायचे आहे, नंतर लिहितो," असे दर महिन्याला ऐकाल. अफरातफर निघाली तर वसुलीची नोटीस सही करणाराच्या नावाने येते. ती वाचून दाखवायला तेव्हा कोणी नसते.

मानधन स्वतःच्या एकटीच्या खात्यात घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झाले, दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला महिना ६ हजार रुपये. फार नाहीत, पण झेरॉक्स, रिक्षा आणि वकिलाचा पहिला सल्ला यांसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

नवऱ्याने कारभार करायचा हा रोग देशभर आहे. सरपंचपती हा शब्दच त्यातून आला. केंद्राने नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अशा नवऱ्यांना जबर दंड करावा, अशी शिफारस केली. माझे मत विचाराल तर दंडाने थोडेच होईल. गावाने त्याला दार उघडले नाही तर तो आत कसा येईल? ठेकेदार, अधिकारी, पुढारी सगळे त्यालाच फोन करतात कारण ते सोयीचे असते. म्हणून कार्यालयाच्या दारावरच्या पाटीवर तुमचा नंबर लिहा.

सहावी पायरी: सभा

मासिक सभा दर महिन्याला. ग्रामसभा ठरल्याप्रमाणे. तुम्ही सभा बोलावल्या नाहीत, असे दाखवून पद घालवता येते, म्हणून नोटीस कधी निघाली, कोणाला पोचली, याची नक्कल घरी ठेवा. काही ठिकाणी सदस्य मुद्दाम येत नाहीत, गणपूर्ती होऊ देत नाहीत आणि मग तेच तक्रार करतात की बाई सभा घेत नाही. तहकुबीसुद्धा प्रोसिडिंगमध्ये लिहवून घ्या, हजर असलेल्यांच्या सह्यांसह.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती फक्त वहीत होते. तुम्ही खरी घ्या, दुपारी तीनला, जेव्हा बायकांना वेळ असतो. पाण्याची टाकी, पऱ्यावरचा साकव, मासळी विकायला बसणाऱ्यांना शेड, हे विषय तिथेच येतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात. ते कुठे गेले, हा एक प्रश्न विचारला की पुढच्या सभेला दुप्पट बायका येतात. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाविरुद्ध रस्त्यावर आडव्या पडायला बायका पुढे होत्या. ग्रामसभेत मात्र त्याच बायका दाराजवळ उभ्या दिसतात. सतरंजी पुढे ओढा.

कोणी अंगावर धावून आला, माइक ओढला, तर आवाज चढवू नका. सभेची नोंद लिहिणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगा, "शब्द जसाच्या तसा लिहा." शिव्या कागदावर उतरायला लागल्या की बऱ्याच जणांचा घसा बसतो. चित्रीकरण करायला आधीच एखाद्या मुलीला बसवून ठेवा.

खरा राग कुठे येतो तेही सांगते. गटारावरून येत नाही. चिरेखाणीचा ना हरकत दाखला, खाडीतली वाळू, किनाऱ्यालगतचे रिसॉर्ट, सड्यावरच्या जमिनीची दलाली, इथे हात घातलात की फोन सुरू होतात. असा विषय एकटीने ठरवू नका. सभेपुढे ठेवा, ठराव करा, सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्या सरपंचावर दबाव टाकता येतो, ग्रामसभेच्या ठरावावर तितका नाही.

सातवी पायरी: मोबाइलवरची घाण

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक दिवस तुमचा फोटो येईल, कोणाच्या तरी फोटोला जोडलेला. पहिली इच्छा होते ग्रुप सोडायची आणि सगळे पुसून टाकायची. पुसू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पूर्ण चॅट निर्यात करून ठेवा, आणि तो फोन विकू नका, बदलू नका. न्यायालयात मूळ फोन आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

ग्रुपच्या अॅडमिनवर राग काढून उपयोग नाही. दुसऱ्याच्या मजकुराला केवळ अॅडमिन म्हणून तो जबाबदार नसतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पाठवणारा धरा. अश्लील मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६७ आणि ६७-अ, सतत पाठलाग आणि मेसेजना न्याय संहितेचे ७८, बाईच्या लज्जेचा अपमान होईल अशा शब्दांना आणि हावभावांना ७९. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या तक्रार होते.

घरच्यांना मात्र तुम्हीच आधी दाखवा. दुसऱ्याकडून कळले की निम्मी लढाई घरातच हरता.

आठवी पायरी: पोलीस ठाणे

अडचणीच्या क्षणी ११२. महिलांसाठी १८१. राज्य महिला आयोगाची मदतवाहिनी १५५२०९. फुकट कायदेशीर मदतीसाठी १५१००, आणि ती मदत मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही.

ठाण्यात "हे राजकीय आहे, आपसांत मिटवा," असे सांगतील. मिटवायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण तक्रार लिहूनच न्या. सोबत दोघी न्या. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. नोंदलेल्या गुन्ह्याची (एफआयआरची) नक्कल फुकट मिळते. विनयभंगासारख्या गुन्ह्यात जबाब महिला पोलिसाने घ्यायचा असतो. नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती सांभाळा.

लक्षात ठेवा, सरपंच आणि सदस्य कायद्याने लोकसेवक आहेत. काम करताना अंगावर हात टाकला तर न्याय संहितेचे कलम १३२, कामात अडथळा आणला तर २२१. धमकीला ३५१, बाईवर हात टाकण्याला ७४. तक्रारीत "मला त्रास दिला" असे मोघम लिहू नका. कोणी, कधी, कुठे, कोणते शब्द, कोणासमोर, एवढे लिहा.

बौद्धवाडीतल्या किंवा आदिवासी वाडीतल्या बहिणींसाठी वेगळे सांगायला हवे. अनुसूचित जाती-जमातीच्या सदस्याला किंवा सरपंचाला पंचायतीचे काम करण्यापासून अडवणे, धमकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३(१)(एम). १५ ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर तुम्ही असताना दुसऱ्याच कोणाला दोरी ओढायला पुढे केले, तर ते मानापमानाचे म्हणून गिळू नका. आदल्या दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी कळवा की ध्वजारोहण मी करणार आहे.

नववी पायरी: खाली खेचायला येतील तेव्हा

थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. त्या सभेत तुम्हाला बोलायचा हक्क आहे. कागद घेऊन बोला, रडू आले तरी बोला. मी रडतच बोलले होते.

राजीनाम्याचा बनावट कागद पुढे आला तर वेळ दवडू नका, सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद न्या.

अपात्रतेच्या अर्जाची नोटीस आली की सुनावणीला प्रत्येक तारखेला हजर राहा. गैरहजर राहिले की एकतर्फी निकाल लागतो. रोहा तालुक्यातल्या ऐनघर ग्रामपंचायतीच्या महिला सरपंचांना २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदावर परत बसवले, आणि निवडून आलेल्या बायकांना काढण्यासाठी अधिकारी आणि सदस्य संगनमत करतात, या प्रकारावर बोट ठेवले. आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण आहे. तुमच्या वकिलाला त्याची प्रत काढायला सांगा.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला पंधरा दिवस असतात. अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे, त्यांचे कार्यालय सीबीडी बेलापूरला कोकण भवनात. सिंधुदुर्गातून निघायचे तर रात्रीची कोकणकन्या धरा, पनवेलला उतरा, तिथून बेलापूरची लोकल मिळते. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली त्याच दिवशी तिकीट काढा, कारण गणपती नाहीतर शिमगा जवळ असेल तर आरक्षण मिळत नाही. फाइल बॅगेत ठेवू नका, उशाशी घ्या. आणि नवरा म्हणाला "मी जाऊन येतो," तर त्याला बरोबर न्या. वकीलपत्रावर सही तुमचीच लागणार आहे.